बाथ बॉम्ब फुगतो, तडकतो, नाहीतर पाण्यात पडून ढिम्म बसतो? रेसिपी बदलायच्या आधी एवढं बघा

रात्री साच्यात दाबला तेव्हा मस्त गुळगुळीत गोळा होता आणि सकाळी बघितलं तर साच्याची दोन्ही झाकणं उचकटून बाहेर आलेला, खालून इडलीसारखा पसरलेला, हे ज्यांचं दर पावसाळ्यात होतंय त्यांच्यासाठी लिहितेय. मी डोंबिवलीला राहते, सहा-सात वर्षं घरी बाथ बॉम्ब, म्हणजे आंघोळीच्या पाण्यात टाकले की फसफसत विरघळणारे सुगंधी गोळे, करतेय, आणि जेवढे चांगले झाले तेवढेच बिघडलेत. आता मैत्रिणी फोटो पाठवतात आणि विचारतात रेसिपी चुकली का गं, आणि बहुतेक वेळा रेसिपी अजिबात चुकलेली नसते.

आधी लक्षणं, म्हणजे तुमचा आजार कुठला ते कळेल.

फुगणं: गोळा साच्यात किंवा साच्याबाहेर वाढत जातो, बूड सपाट होतं, आत पोकळ.
फोड: वरून चामखिळीसारखे उंचवटे येतात, रात्रीतून वाढतात.
मऊपणा: दोन दिवस झाले तरी नख रुततं, हाताला दमट लागतो.
मेलेला बॉम्ब: दिसायला सुंदर, दगडासारखा कडक, पण पाण्यात टाकला की तळाला जाऊन बसतो, चार बुडबुडे सोडतो, संपलं.
भुगा: साच्यातून काढताना कडा झडतात, हात लावला की रव्यासारखा सांडतो.
तडे: बहुतेक जोडावर, कधी तासाभरात कधी दुसऱ्या दिवशी.
तेलाचे डोळे: बॉम्ब विरघळतो छान, पण पाण्यावर तेल तरंगतं आणि बादलीला रंगाची कडी धरते.

पहिली चार लक्षणं एकाच घरातली आहेत, पाणी जास्त झालंय. भुगा आणि तडे त्याच्या उलट, ओल कमी किंवा दाब कमी. तेलाचे डोळे हा वेगळाच विषय, शेवटी येते त्यावर.

पाण्यावर एवढा जोर का देतेय ते सांगते, कारण हे डोक्यात बसलं की अर्धे प्रॉब्लेम आपोआप सुटतात. बाथ बॉम्ब म्हणजे खायचा सोडा आणि सायट्रिक ॲसिड. कोरडे असतील तर दोघं शेजारी-शेजारी महिनोन्महिने गप्प बसतात, पाण्याचा थेंब मिळाला की भांडण सुरू, कार्बन डायऑक्साइड सुटतो, फस्स होतं. पण खरी गंमत अशी की या भांडणातून परत पाणीच तयार होतं. १०० ग्रॅम सोडा पूर्ण संपला तर साधारण २१ ग्रॅम नवीन पाणी आणि २८ लिटरच्या आसपास गॅस. म्हणजे तुम्ही एक थेंब चुकून घातला तर तो पुढचे दोन थेंब स्वतःच करतो, ते पुढचे चार, आणि हे रात्रभर चालू राहतं, आपण झोपलेलो असतो. म्हणून "एवढंस्संच तर पाणी घातलं होतं" याला काही अर्थ नाही.

हे मी कसं शिकले तर एका रक्षाबंधनाला भावांना आणि भाच्यांना द्यायला २४ बॉम्ब केले, ऐन श्रावणात, आणि धूळ बसू नये म्हणून ओलसर असतानाच मोठ्या घट्ट झाकणाच्या डब्यात भरले. रात्री दोनला स्वयंपाकघरात फट्ट आवाज. सासूबाई काठी घेऊन मांजर शोधायला उठल्या. झाकण ओट्यावरून थेट सिंकमध्ये आणि डब्यात एकमेकांना चिकटलेला २४ जणांचा एक डोंगर. तेव्हापासून नियम, पूर्ण वाळल्याशिवाय हवाबंद डबा नाही, काचेची बरणी तर अजिबातच नाही, गॅसला जायला वाट पाहिजे.

आता तपासणी. फुकटातली आधी, पैसे घालायच्या गोष्टी नंतर.

परातीला कान लावा

खरंच लावा. ओलं मिश्रण कालवताना रिॲक्शन सुरू झाली असेल तर बारीक चुरचुर ऐकू येते, प्यायच्या सोड्याची बाटली उघडल्यावर येते तशी, आणि मिश्रण हाताला गार लागतं. ही रिॲक्शन आजूबाजूची उष्णता ओढून घेते म्हणून गार. मिश्रण बांधायला पाण्याऐवजी फक्त अल्कोहोल फवारलं असेल तर ते उडतानाही हात गार पडतो, म्हणून नुसत्या गारव्यावर जाऊ नका, चुरचुर ऐकली पाहिजे. चुरचुर असेल तर ओतणं तिथेच थांबवा, मिश्रण परातीत पातळ पसरून पंख्याखाली ठेवा, थांबली तर पुढे जा. पाचेक मिनिटांत थांबली नाही तर बॉम्बचा नाद सोडा, ती पावडर आजच पाय भिजवायला वापरा.

मुठीची चाचणी

रव्याचा लाडू वळता येतो त्यांना हे सांगायला नको. मूठभर मिश्रण घट्ट दाबा, मूठ उघडा, मुटका टिकला पाहिजे. मग तो वीतभर उंचीवरून परातीत सोडा. दोन-तीन तुकडे झाले तर बरोब्बर. पीठ झालं तर ओल कमी. तुकडेच झाले नाहीत, नुसता चेपला, तर जास्त. लाडू वळले जात नसले की आपण चमचाभर दूध शिंपडतो ती सवय मात्र इथे नडते, इथे तो चमचा म्हणजे आत्महत्या. ओल कमी असेल तर बांधायला जे वापरताय त्याचे स्प्रे बाटलीने दोन फवारे, कालवा, परत मूठ, परत दोन फवारे.

पाकिटं वाचा

हे सगळे सोडून देतात. सोडा खायचाच पाहिजे. बेकिंग पावडरमध्ये आधीच आम्ल आणि स्टार्च घातलेलं असतं, त्याचा जोर कमी. आणि धुण्याचा सोडा चुकूनसुद्धा नको, तो खूप तीव्र अल्कली आहे, अंगाची आग होईल. किराणा दुकानात सुट्टा सोडा मागितला तर कुठला दिला ते विचारून घ्या, दिसायला दोन्ही पांढरेच. सोडा जिवंत आहे का बघायला चमचाभर घेऊन वर लिंबू पिळा, झटकन फेस आला पाहिजे.

सायट्रिक ॲसिड, ज्याला किराणावाला लिंबूसत म्हणेल, ते दोन प्रकारचं असतं. एक मोनोहायड्रेट, ज्याच्या खड्यातच साडेआठ टक्क्यांच्या आसपास पाणी अडकलेलं असतं, आणि दुसरं ॲनहायड्रस, म्हणजे कोरडं. कोरड्या हवेत दोन्ही चालतात, आमच्याकडे पावसाळ्यात मोनोहायड्रेट म्हणजे दाराशी उभा चोर. इनोचं पाकीट हातात घेऊन बघा, तिथे निंबुकाम्लमच्या, म्हणजे सायट्रिकच्याच, पुढे 'शुष्कम' म्हणजे कोरडं असं लिहिलेलं असतं, उगाच नाही. सुट्टं मिळालेलं, गोळे झालेलं सायट्रिक फोडून चाळून वापरू नका, गोळे झाले म्हणजेच त्याने पाणी प्यायलंय. सोड्याचे गोळे मात्र मैद्याच्या चाळणीने चाळले की चालतं, आणि चाळाच, कारण वरचे निम्मे फोड न फुटलेल्या गुठळ्यांमुळे येतात.

वाटीने मोजताय का?

वाटी-चमचा बंद करा. सायट्रिकचे खडे कधी जाड कधी बारीक, वाटी तीच, वजन वेगळं. स्वयंपाकघरातला साधा डिजिटल काटा पुरतो. प्रमाण वजनाने दोनास एक, सोडा दोन, सायट्रिक एक. हिशेबाने खरं तर १ ग्रॅम सायट्रिकला १.३ ग्रॅम सोडा पुरतो, म्हणजे आपण सोडा मुद्दाम जास्त घेतो, म्हणजे पाण्यात आम्ल शिल्लक राहत नाही आणि कातडीला झोंबत नाही. जास्त फसफस व्हावी म्हणून समसमान घेतलेलं बघितलंय मी, त्यात फसफस थोडी वाढते पण सायट्रिक उरतं आणि भेगाळलेल्या टाचांना विचारा मग काय होतं ते.

माझं नेहमीचं: सोडा ३०० ग्रॅम, सायट्रिक १५० ग्रॅम, कॉर्नफ्लॉवर ५० ग्रॅम, खोबरेल १५ ग्रॅम, सुगंधी तेल जास्तीत जास्त ३ मिली. सुगंधी तेल म्हणजे अंगाला चालणारं, अगरबत्तीचं किंवा डिफ्यूझरचं नाही, आणि दालचिनी-लवंगेचं तेल नको, चरचरतं.

ओलं काय काय घातलंत ते आठवा

इथे सगळ्यात जास्त चोर पकडले जातात. "पाणी नाही घातलं गं" म्हणतात, मग विचारलं की निघतं गुलाबजल दोन चमचे. गुलाबजल म्हणजे पाणीच. कोरफडीचा गर पाणी, मध पाणी ओढतो, दूध तर आहेच, ताज्या गुलाबपाकळ्यांतून पाणी सुटतं, आणि बाटलीतला खायचा रंग बहुतेक पाण्यातलाच असतो, म्हणून तो घातला त्या ठिकाणीच फोड येतात, रंगीत फोड. रंग हवा तर कोरडा घ्या, कॉस्मेटिकसाठीचा. रांगोळीचा किंवा धुळवडीचा नाही. हळद घालून बघितली मी, ओलसर सोड्याशी तिची गाठ पडली की चुन्याबरोबर होते तशी तांबूस होते, सगळा गोळा ठिपकेदार झाला, गोवर आल्यासारखा.

एप्सम सॉल्टचंही एक आहे. पायाला बरं म्हणून सगळे मुठीने घालतात, पण त्याच्या वजनातलं निम्मं पाणी असतं, खड्यात बांधलेलं. ५०० ग्रॅममध्ये ४०-५० ग्रॅमच्या वर जाऊ नका, आणि फुगण्याचा त्रास चालू असेल तर पूर्ण बंद करून एक घाणा काढून बघा. एप्सम वेगळं बादलीत टाकता येतं की.

बांधायला पाण्याऐवजी आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरत असाल तर बाटलीवर ९९ टक्के लिहिलंय का बघा. ७० टक्केवालं म्हणजे बाकीचं ३० टक्के पाणी. सॅनिटायझर तर नकोच. आणि ते पेट्रोलसारखं पेटतं, त्यामुळे गॅस बंद, देवापुढचं निरांजन शांत झालेलं, खिडकी उघडी, मगच फवारा.

हवा मोजा

इथून पुढे थोडा खर्च. दोन-तीनशे रुपयांत आर्द्रता दाखवणारा छोटा मीटर मिळतो, घेऊन टाका, माझ्या मते काट्यानंतरची सगळ्यात कामाची वस्तू. ५० टक्क्यांच्या खाली बिनधास्त करा. ५० ते ६० मध्ये पटापट हात चालवा. ६० च्या वर मी करत नाही, आणि साधारण ७५ च्या पुढे सायट्रिक हवेतलंच पाणी ओढायला लागतं, तुम्ही थेंबही घातला नाहीत तरी. आमच्याकडे जुलैत मीटर ८५-९० दाखवतो, म्हणजे बघा. पुण्याच्या मैत्रिणीची रेसिपी डिसेंबरात तिच्याकडे झक्कास होते म्हणून ती जुलैत डोंबिवलीत होईलच असं नाही.

एसी असेल तर ड्राय मोडवर दोन तास आधी लावा, दार बंद, त्याच खोलीत कालवा आणि त्याच खोलीत वाळवा. स्वयंपाकघरात कुकर लावून शेजारी बॉम्ब वळायचे नाहीत. माझी बहीण नागपूरला, तिचं सगळं उलट. मे महिन्यात फवारलेलं अल्कोहोल हात लावेपर्यंत उडून जायचं आणि साच्यातून निघायचा भुगा. तिला म्हटलं जरा तेल वाढव, १५ चं २० ग्रॅम कर आणि थोडं-थोडं मिश्रण घे. गोळे झाले छान, मग बाईने ते वाळायला ठेवले कुठे तर कूलरसमोर! कूलरची हवा म्हणजे पाण्याने भरलेली हवा. फुगले.

साचा आणि हात

जोडावर तडे जात असतील तर दोष बहुतेक दाबण्यात आहे. दोन्ही अर्ध्यांत मिश्रण दाबून भरा पण वरचा थर सैल आणि जरासा उंच ठेवा, मग दोन्ही एकमेकांवर सरळ दाबा. पिळू नका, पिळलं की जोड सुटतो. सगळ्या वाट्या आधी गच्च भरून ठेवल्या तर दोन गुळगुळीत तोंडं एकमेकांना धरतच नाहीत. गोल साचा नसेल तर मोदकाचा प्लास्टिकचा साचा घ्या, फार गोड दिसतात, ॲल्युमिनियमच्या साच्यात मात्र ओलं आंबट ठेवायला मी जात नाही. आणि हो, त्या साच्यात नंतर मोदक नाही करायचे, वेगळा ठेवा. चिकटत असेल तर बाहेरून चमच्याने टकटक करा आणि लगेच काढा, रात्रभर साच्यात ठेवलं की ओल आतच कोंडते.

थंडीत एक वेगळाच भुगा होतो, खोबरेल २४-२५ अंशांच्या खाली थिजतं, त्याचे पांढरे कण मिश्रणात तसेच राहतात आणि काही धरत नाही. बाटली कोमट पाण्यात ठेवा, पातळ झालं की घाला, कडकडीत नको.

वाळवणं

२४ ते ४८ तास, कोरड्या खोलीत, पंख्याखाली, जाळीवर, म्हणजे खालूनही हवा लागेल. फ्रिजमध्ये नको, बाहेर काढला की घाम फुटतो. ओव्हन-मायक्रोवेव्ह तर नकोच, सोडा तापला की मोडतो आणि धुण्याच्या सोड्याकडे जायला लागतो, शिवाय मोनोहायड्रेटमधलं अडकलेलं पाणी मोकळं होतं. वाळला की नाही हे नखाने बघू नका, वजन करा. एकच बॉम्ब बाजूला ठेवायचा, सकाळ-संध्याकाळ काट्यावर. वजन उतरतंय तोवर वाळतोय, दोनदा सारखं आलं की झाला. आणि वजन वाढायला लागलं तर तो हवेतलं पाणी पितोय, उचला आणि एसीत न्या. झाल्यावर एकेक प्लास्टिकमध्ये गच्च गुंडाळून सिलिका जेलच्या पुडीसकट डब्यात.

शेवटी रेसिपी

हे सगळं करूनही गडबड असेल तरच प्रमाणाला हात लावा, आणि एका वेळी एकच बदल, १०० ग्रॅमच्या छोट्या घाण्यात, वहीत तारीख आणि मीटरचा आकडा लिहून. कडकपणा कमी वाटला तर कॉर्नफ्लॉवरमधलं निम्मं काढून त्या जागी क्रीम ऑफ टार्टर, बेकिंगमध्ये वापरतात ती आंबट पांढरी पावडर. फसफस फार झटपट संपते तर कॉर्नफ्लॉवरच्या उरलेल्या निम्म्याच्या जागी मुलतानी माती. तेलाचे डोळे दिसतात तर पॉलिसॉर्बेट ८०, तेलाच्या निम्म्याइतकं, ते तेल पाण्यात मिसळवतं. हे फक्त दिसण्यासाठी नाही. मूळचा हा प्रकार इंग्लंडचा, मो कॉन्स्टंटाइन बाईंनी १९८९ मध्ये काढलेला, तिकडे बाथटबात लोळायचं असतं. आपण बादली नाहीतर पाय भिजवायचा टब घेतो आणि ते पाणी शेवटी ओततो बाथरूमच्या लादीवर, तेलकट लादीवरून घरातलं म्हातारं माणूस घसरलं तर ते सगळ्यात महागात पडेल. वापरून झालं की साबणाने लादी घासा. फेसासाठी मिळते ती एसएलएसए पावडर घालणार असाल तर मास्क लावा, ती नाकात गेली की शिंका आवरत नाहीत.

बिघडलेले बॉम्ब परत कालवून वळायचा प्रयत्न मी चार वेळा केलाय, चारही वेळा वाया. फोडा, पावडर करा, पाय भिजवा. पूर्ण मेलेले सिंक घासायला.

कुठे थांबायचं

मीटर ७५ च्या वर आणि घरात एसी नाही, तर साचे माळ्यावर ठेवा, दसऱ्याच्या पुढे बघू. एसी ड्राय मोडवर दोन तास चालूनही आकडा हलत नाही, किंवा आतल्या युनिटमधून पाणी टपकतंय, तर एसीवाल्याला बोलवा, स्वतः स्टुलावर चढून खोलायचं नाही.

न्हाणी ट्रॅप तुंबला, पाकळ्या, चमकी आणि कॉर्नफ्लॉवरचा चिखल बसतो तिथे, तर जाळी काढून हाताने साफ करा, तरी उतरत नसेल तर प्लंबर. ड्रेन साफ करायची तीव्र पावडर वरून ओतू नका, आत काय साचलंय ते आपल्याला दिसत नाही आणि उकळून अंगावर उडू शकतं.

सायट्रिकची धूळ डोळ्यात गेली तर चोळू नका, वाहत्या पाण्याने १५ मिनिटं डोळा धुवा आणि तरी दुखत असेल, धूसर दिसत असेल तर लगेच डोळ्यांच्या डॉक्टरकडे. कालवताना छातीत घरघर झाली तर पुन्हा कालवायला बसू नका, आधी डॉक्टर, दमा असणाऱ्यांनी तर हे काम दुसऱ्याला द्यावं. अंगावर पुरळ, खाज, लाली आली तर साध्या पाण्याने धुवा, तो बॉम्ब बंद, आणि एक-दोन दिवसांत उतरलं नाही तर त्वचारोगतज्ज्ञ, शेजारणीने दिलेलं मलम नाही. लहान बाळाच्या आंघोळीत नको. आणि मधुमेह असलेल्या आईवडिलांना पाय भिजवायला द्यायचा विचार असेल तर आधी त्यांच्या डॉक्टरांना विचारा, पाय बधिर असले की पाणी किती गरम आहे ते कळत नाही आणि भाजतं.

आणि चांगले जमायला लागले की दोन महिन्यांत कोणीतरी म्हणतंच, विकायला काढ की. तिथे मी स्वतः थांबले. अंगाला लावायची वस्तू विकायला बनवायची तर ते कॉस्मेटिक धरलं जातं, १९४० चा औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा आणि २०२० चे कॉस्मेटिक्स नियम लागतात, परवाना लागतो, आपल्याकडे तो अन्न व औषध प्रशासनाकडून. लेबल कसं पाहिजे, जागा कशी पाहिजे हे या कामातल्या माणसाला विचारूनच पुढे जा, मी अजून राखीपुरतेच करते, आणि तेही आता एसीत.